या वयात कसली शरीराची काळजी?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पुण्यात माझ्या जाऊबाईंच्या ज्येष्ठ नागरिक संघाने साठीपुढच्या बायकांसाठी चार रविवारचं शिबिर ठेवलंय. विषय, आपण आपल्या शरीराकडे कसं बघतो. जाऊबाईंनी हौसेने पत्रक टाकलं. दहा मिनिटांत मोठ्या दिरांचं उत्तर आलं, "या वयात शरीराचे कसले लाड? नामस्मरण करा. ही सगळी तिकडची थेरं." त्याखाली चार अंगठे, त्यातला एक माझ्या सख्ख्या भाच्याचा. जाऊबाईंनी पत्रक काढून टाकलं.

"तिकडची" हा शब्द माझ्यासाठी होता, हे मला कळतं. सिडनीत मला २६ वर्षं झाली.

पण शरीरावरून बोलणं तिकडचं कधीपासून झालं? मी पुण्याच्या दारात चप्पल काढते तोच ऐकू येतं, "सुटलीस गं." नाहीतर, "किती वाळलीस!" ज्या घरात जाऊबाईंची ओळख चाळीस वर्षं "रंगाने सावळी, पण कामाला वाघीण" अशी करून दिली, त्याच घराने आता त्यांना सांगायचं की शरीराचा विचार करू नका? फेअर अँड लव्हली आपल्याकडे १९७५ साली आली आणि २०२० साली तिने फक्त नाव बदललं. तिच्या जाहिराती बघत वयात आलेल्या मुलीच आज साठीत आहेत. तेव्हा मनात बसलेलं साठीच्या शांतीला आपोआप निघून जातं का? आणि याविरुद्ध बोलणाऱ्याही आपल्याकडे आहेत. 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम २००९ साली चेन्नईत सुरू झाली, सिडनीत नाही.

मी मंगळवारी सकाळी सिडनीच्या कुजी किनाऱ्यावर, मॅकायव्हर्स बाथ्सवर जाते. खडकात बांधलेलं समुद्राच्या पाण्याचं कुंड, १८८६ सालचं, फक्त बायका आणि मुलांसाठी. १९९५ साली भेदभावविरोधी कायद्यातून त्याला खास सूट मिळाली, म्हणून ते तसं राहिलं. मागच्या मंगळवारी माझ्या शेजारच्या खडकावर ऐंशीच्या घरातली एक ग्रीक आजी संत्रं सोलत बसली होती. तिच्या छातीची एक बाजू सपाट, त्यावर आडवा पांढरा व्रण. ऊन त्या व्रणावर पडलं होतं आणि ती बिया एकेक करून टिश्यूवर ठेवत होती. पाण्यात माझी लेबनीज मैत्रीण बुर्किनी, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोहण्याचा पोशाख, घालून पोहत होती. तो पोशाख याच शहरातल्या अहेदा झनेटी यांनी २००४ साली तयार केला. एक बाई पूर्ण उघडी, एक पूर्ण झाकलेली, आणि दोघी निवांत. हे मला दर आठवड्याला बघायला मिळतं, म्हणून दिरांचं "या वयात" मला इतकं लागतं.

इथेही सगळं झालंय असं नाही. शरीराबद्दलच्या कामासाठी टॅरिन ब्रमफिट २०२३ च्या 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाल्या, पण त्यांच्या कामाचा भर मुलांवर आहे. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी मध्यमवयीन बायकांसाठी आठ बैठकांचा कार्यक्रम तपासला. २०११ साली त्याचे निष्कर्ष आले आणि बायकांना त्याचा फायदा झालेला दिसला. पण वयाची अट ३० ते ६०. जाऊबाई ६६ च्या आहेत.

आमच्या कौन्सिलच्या हॉलमध्ये असाच एक गट भरतो. पहिल्याच दिवशी पंधरा मिनिटं लिहायला दिलं. शरीर कसं दिसतं ते नाही, शरीराने आजवर काय काय केलं ते, आपापल्या भाषेत. मी मराठीत लिहिलं. वाईला कृष्णेत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकले. दोन बाळंतपणं. आईला शेवटचे तीन महिने उचलून अंघोळ घातली. तीनच ओळी झाल्या आणि मला रडू आलं. शेजारची चिनी बाई तिच्या भाषेत लिहिता लिहिता रडत होती.

याला लाड म्हणायचं? माझ्या मावशीने छातीतली गाठ आठ महिने कोणाला दाखवली नाही. पुरुष डॉक्टरपुढे पदर काढायचा, या वयात, हेच तिचं कारण. अगदी हेच शब्द. मला इथे पन्नाशीपासून दर दोन वर्षांनी ब्रेस्टस्क्रीनचं, म्हणजे स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीचं, पत्र येतं आणि मी ते फ्रिजला लावते. प्रत्येक वेळी मावशी आठवते. ज्या बाईला शरीराची लाज वाटते, ती ते शरीर डॉक्टरला दाखवत नाही. दिरांनी मावशीला खांदा दिला होता. निदान त्यांना तरी हे कळायला हवं होतं.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते सांगते. इथे माझे केस पांढरे आहेत. पुण्याच्या विमानाच्या दोन दिवस आधी मी ते काळे करते. दर वेळी, गेली नऊ वर्षं. कुजीला ज्या दंडांवर ऊन घेते, ते पुण्यात कोपरापर्यंतच्या बाह्यांत झाकते. धीट मी फक्त तिथेच आहे जिथे मला कोणी ओळखत नाही. त्या खडकावर मी मेले तर ती ग्रीक आजी अँब्युलन्स बोलावेल, पण "वाळलीस गं" म्हणणारं तिथे कोणी नाही. ते ऐकून मी चिडते. आणि दोन वर्षं ते ऐकलं नाही की मला करमत नाही. हे दोन्ही खरं आहे.

काल जाऊबाईंना फोन केला. शिबिराला जा म्हटलं, गटात काय करतात ते सांगितलं. "लिहायचं म्हणजे काय लिहायचं गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पायांनी काय केलं ते लिहा. त्या बराच वेळ गप्प होत्या. गुडघे दुखतात म्हणून जिना न उतरणाऱ्या माझ्या जाऊबाई. मग म्हणाल्या, "लग्नाआधी मी दर रविवारी सिंहगड चढायचे. एकटी. पहाटे."

मी या घरात येऊन ३२ वर्षं झाली. मला हे माहीत नव्हतं.