गोल कोपऱ्याला म्हणे वास्तुदोष!

वाचनालय पाडण्याचा मेसेज तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. दुर्लक्षच केलं असतं, पण काल तो आमच्या जिभाऊंनी मला पाठवला, खाली हात जोडून! निम्मं आयुष्य त्याच वाचनालयात पेपर वाचत काढलेला माणूस. म्हणून लिहावं लागतंय.

मेसेजचं म्हणणं असं: महायुद्धाआधीची ही इमारत इंग्रजी थाटाची, गोल कोपऱ्यामुळे वास्तुदोष, आरसीसीचं आयुष्य ५० वर्षं, म्हणून धोकादायक, शंभर वर्षं झाली नाहीत, म्हणून वारसाही नाही. तेव्हा पाडा आणि कॉम्प्लेक्स बांधा.

आधी कोपरा. तो गोल असल्यानं ‘विद्येची ऊर्जा घसरते’ आणि इथली पोरं एमपीएससीत नापास होतात, म्हणे. काय भो! चौकोनी अभ्यासिकांमधली सगळी पास होतात का? इमारत दोन रस्त्यांच्या नाक्यावर आहे. दगड आणि सागवानी तुळयांत असं वळण काढणं महाग पडायचं. सळई-सिमेंटनं ते सोपं झालं. त्या वळणावर सलग खिडक्या बसल्या, म्हणून पेपरच्या टेबलावर दुपारी दिवा लागत नाही. खिडक्यांच्या डोक्यावरून एकच छज्जा पट्टीसारखा फिरलाय, तो मे महिन्यातलं ऊन पुस्तकांवर येऊ नये म्हणून. मरीन ड्राइव्हवरचा सूना महालही असाच नाक्यावरचा, गोलाईचा. तिथं राहणाऱ्यांची कुठली ऊर्जा घसरली?

सूना महालाचा आराखडा वास्तुविशारद गजानन म्हात्रे यांचा, त्यामुळे ‘इंग्रजी थाट’ हा मुद्दाही तिथंच आटोपतो. साहेबाची हौस गॉथिकची, व्हीटी स्टेशनसारखी. ही साधी, आडव्या रेघांची ‘आर्ट डेको’ शैली मुंबईत रुजवली ती मोठ्या प्रमाणावर देशी वास्तुविशारदांनी आणि देशी मालकांनी. गोल खिडक्या जहाजांवरून उचलल्या, हे मात्र मान्य. तापीच्या खोऱ्यात जहाजाच्या खिडक्या कशाला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर एकच: तेव्हाची फॅशन. सपाट छत परकं म्हणणाऱ्यांनी मात्र आपल्या आजोबांचं धाब्याचं घर आठवावं. स्लॅब ४५ अंशांत तापतो हे खरं. वर पांढऱ्या चायना मोझॅकचा, म्हणजे टाइलांच्या तुकड्यांचा थर टाका; इमारत कशाला पाडता?

आता खरा घातक मुद्दा. आरसीसीवर औषधाच्या पाकिटासारखी एक्स्पायरी नसते. काँक्रीट सळईला गंजापासून जपतं. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरला की ते संरक्षण जातं, त्यात पाणी झिरपलं की सळई गंजून फुगते आणि वरचा थर उडवते. आपल्या छज्ज्याखाली दिसतं ते हेच. पण वर जाऊन पाहा: पावसाचा पाईप पाल्यानं तुंबलाय, भेगेत पिंपळ उगवलाय. हा इमारतीच्या वयाचा दोष की देखभालीचा? धोका असेल, तर स्ट्रक्चरल ऑडिट करून अहवाल दाराला लावा. मरीन ड्राइव्हच्या इमारती खाऱ्या वाऱ्यात उभ्या आहेत. आपल्याकडे हवा कोरडी.

जिभाऊ, एक वाचनालय सांगतो. विपुरी, तेव्हा फिनलंडमध्ये, आता रशियात. अल्वार आल्तोनं १९३५ मध्ये पूर्ण केलेलं. छताला ५७ गोल झरोके, वाचणाऱ्याच्या पानावर सावली पडू नये म्हणून. युद्धानंतर सुमारे दहा वर्षं ते ओस पडलं होतं, थंडी-पावसात. कुणी पाडलं नाही. दुरुस्ती करत करत २०१३ मध्ये काम संपवलं आणि आज लोक तिथं पुस्तकं वाचतात.

आता वारसा. शंभर वर्षांची अट १९५८ च्या केंद्रीय कायद्यातली, प्राचीन स्मारकांसाठीची. युनेस्कोनं २०१८ मध्ये मुंबईच्या गॉथिक इमारतींबरोबर आर्ट डेको इमारतीही जागतिक वारशात घेतल्या, त्यातल्या कित्येक १९३० नंतरच्या.

राहता राहिलं कॉम्प्लेक्स. त्यात ‘तिसऱ्या मजल्यावर प्रशस्त वाचनालय’ मिळणार म्हणे. खालच्या दोन मजल्यांवर गाळे किती आणि ते कुणाला, याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही. लिफ्टबद्दलही नाही, जिभाऊ, आणि तुमचे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत.