आईचं दुखणं सहावीतल्या पोरीने का सांगायचं?

कर्णबधिर माणूस दवाखान्यात गेला की डॉक्टर सोबतच्या माणसाशी बोलतात, पेशंटकडे बघतसुद्धा नाहीत. आमच्या घरात हे कायमचंच, आता राग अनावर झालाय म्हणून लिहितेय, वहिनीला विचारूनच.

वहिनी जन्मापासून कर्णबधिर आहे, साइन लँग्वेजमध्ये बोलते, आम्ही तिच्याकडूनच मोडकंतोडकं शिकलो. दादा ट्रॉलरवर, मी नोकरीला चिपळूणला, त्यामुळे अंगावरून जास्त जायला लागलं तेव्हा ती पोरीला घेऊन तालुक्याला दवाखान्यात गेली. डॉक्टर पोरीला म्हणाले, आईला सांग पिशवी काढावी लागेल. सहावीतली पोर, तिला पाळीचंच धड माहीत नाही, ती काय सांगणार? तिने सांगितलं पोटाचं ऑपरेशन. लगेच सहीसाठी फॉर्म पुढे आला. वहिनी ठाम, दादा येईपर्यंत सही केली नाही. पण सही केली असती तर त्याला संमती म्हणायचं का?

लोक म्हणतात, लिहून दाखवायचं ना. अहो, साइन लँग्वेज म्हणजे हातवारे करून बोललेली मराठी नव्हे, तिचं व्याकरण वेगळं आहे, प्रश्नाचा शब्द बहुतेक वेळा शेवटी येतो, आणि कितीतरी कर्णबधिरांना मराठी ही दुसरी भाषा असते. त्यात 'गर्भाशय', 'बायोप्सी' लिहून दिलं की झालं का? ओठ बघून समजून घ्यावं तर तोंडाला मास्क. आणि अ‍ॅडमिट केल्यावर उजव्या हाताला सलाईन लावलं की तिचं बोलणंच अडलं, हे नर्सच्या लक्षातही येत नाही. रात्री घरात एकटी असताना काही झालं तर 108 ला फोन लावून ती बोलणार कशी?

कायदा आहे हो. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, त्यात संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा आहे, कलम 25 मध्ये सरकारी आणि खाजगी दोन्ही दवाखान्यांत अडथळ्याविना सोय हवी असं लिहिलंय. दिल्लीत 2015 पासून सांकेतिक भाषेचं केंद्र आहे, त्यांचा 10,000 शब्दांचा कोश आहे, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत दुभाषे तयार होतात. आम्हाला मात्र इकडच्या कुठल्याच दवाखान्यात आजवर एकही दुभाषा भेटला नाही.

प्रत्येक तालुक्याला माणूस नेमा असं मी म्हणतच नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हा रुग्णालयांत आणि ग्रामीण रुग्णालयांत एकेक टॅबलेट ठेवा, व्हिडिओ कॉलवर शिकलेला दुभाषा मिळू दे. रेंजचा प्रश्न आहे, मान्य, पण दवाखान्यात वायफाय बसवता येतं ना? जिल्हा नियोजनाच्या निधीतून एवढं नक्की होईल, आमदार साहेबांना टॅग करतेय. आणि ओळखीतल्या डॉक्टरांनो, तोवर एवढं तरी करा, पेशंटकडे बघून बोला, चित्र काढून दाखवा, सलाईन डाव्या हाताला लावा, आणि असल्या गोष्टी लहान पोरांच्या तोंडून सांगायला लावू नका.