‘पंचवीस वर्षांत काही झालं नाही’ : टाक्याच्या पाण्याबद्दल एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री लोकलमध्ये वाचली, दादर ते ठाणे दोनदा वाचली खरं तर, आणि तिथल्या तिथे चार ओळी टाइप करून टाकणार होतो पण म्हटलं नको, समोरच्याने एवढं मनापासून लिहिलंय तर आपणही घरी जाऊन नीट बसून लिहू. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पावसाळी ट्रेकला पिण्याचं पाणी शुद्ध कसं करायचं यावर मी मागे लिहिलं होतं. दादांचं म्हणणं असं की ही उगाच भीती घालणारी पोस्ट आहे, ते स्वतः पंचवीस वर्षं गडावरच्या टाक्यांचं, म्हणजे कातळात खोदलेल्या हौदांचं, पाणी तसंच पितायत आणि काही झालेलं नाही, महाराजांचे मावळे हेच पाणी प्यायचे, डोंगरावर पाणी १०० डिग्रीला उकळतच नाही त्यामुळे ‘उकळा’ हा सल्लाच चुकीचा, फिल्टर घ्या म्हणणं ही जाहिरात, आणि गावातल्या माणसाने प्रेमाने दिलेल्या पाण्यात शुद्धीकरणाची क्लोरिनची गोळी टाकणं हा त्याचा अपमान आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो मला लागला. आणि लागला कारण हे माझ्याकडून झालेलं आहे. हरिश्चंद्रगडाला जाताना पाचनईत एका घरी थांबलो होतो, मावशींनी घासून लख्ख केलेल्या तांब्यातून पाणी दिलं, मी ते बाटलीत ओतलं आणि त्यांच्यासमोरच खिशातून पाकीट काढून गोळी टाकली. त्या बघत होत्या. म्हणाल्या, ‘आमचं पानी वंगाळ हाय का रं बाबा?’ मला काय बोलावं तेच कळेना. मी काहीतरी पुटपुटलो, की मावशी पोट नाजूक आहे वगैरे. मग त्याच म्हणाल्या की इथं पण विहिरीत पावडर टाकत्यात की, वास येतो दोन दिवस. ती पावडर म्हणजे टीसीएल, ब्लीचिंग पावडर. म्हणजे आपल्या ग्रामपंचायती जे विहिरीत करतात तेच मी बाटलीत करत होतो, पण पाहुणा म्हणून त्यांच्या अंगणात बसून करायला नको होतं हे शंभर टक्के खरं. तेव्हापासून मी गावात गेलो की चहा मागतो. चहा उकळलेला असतो, देणाऱ्याला बरं वाटतं, आपण चार पैसे देतो, आणि बाटलीतलं जे काय करायचं ते गावाबाहेर जाऊन करतो. हे मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, आता टाकलंय.

पण दादा, अपमानाचंच बोलायचं तर शनिवारी रात्री गडावर काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. तीनशे-चारशे माणसं, संडास कुठेच नाही, आणि पहाटे अंधारात जो तो जिथे आडोसा मिळेल तिथे बसतो, बऱ्याचदा टाक्याच्या वरच्याच अंगाला कारण तिथेच जरा सपाटी असते. मग पाऊस येतो आणि ते सगळं टाक्यात, टाक्यातून ओढ्यात, ओढ्यातून खाली त्याच मावशींच्या वाडीकडे. मावळे हेच पाणी प्यायचे असं तुम्ही म्हणता, तर ते पाणी हेच नव्हतं हो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्ग प्रकरणात स्पष्ट आहे की आधी पाणी बघावं मग गड बांधावा, आणि गडाचं पाणी फार जपून राखावं. राखावं म्हणजे त्याला राखणारी माणसं होती. आज त्याच टाक्यात मॅगीची भांडी साबण लावून धुताना मी बघितलंय आणि त्याच्याच दुसऱ्या कोपऱ्यातून लोक पिण्यासाठी बाटल्या भरत होते.

बरं पाणी दिसतं कसं, तर काचेसारखं. खांबटाक्यातलं, म्हणजे कातळाच्या पोटात खांब सोडून खोदलेल्या टाक्यातलं, तर विचारूच नका, ऊन लागत नाही त्यामुळे शेवाळ धरत नाही, गार, तळ दिसतो. मागच्या हिवाळ्यात दोरीला बाटली बांधून अशाच एका टाक्यातलं पाणी काढलं, बाटली उजेडात धरली तर पहिल्यांदा काहीच दिसलं नाही, मग अर्ध्या मिनिटाने बुडाशी दोन बारीक लाल अळ्या वळवळताना दिसल्या. त्या अळ्यांनी आपल्याला काही होत नाही. पण ज्या पाण्यात मला अळी दिसायला अर्धा मिनिट लागला त्यात जे डोळ्यांना दिसूच शकत नाही त्याबद्दल मी ‘स्वच्छ आहे’ असं कशावरून म्हणू?

आता पंचवीस वर्षांचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त याच्यावर बोलायचंय.

माझा मामेभाऊ माझ्याबरोबर एका किल्ल्यावर आला होता, जुलैमध्ये, पहिलाच ट्रेक त्याचा. पाणी संपलं, धबधब्याच्या खालच्या कुंडातून भरलं, सगळे प्यायलो, मीच म्हटलं होतं पी रे काही होत नाही. मजेत घरी आलो. त्यानंतर पाच आठवड्यांनी त्याला ताप, मळमळ, अन्नाचा वास नको, आणि मग मामीने त्याला खिडकीपाशी उभं करून डोळे बघितले तर पिवळे. कावीळ. सगळ्यांनी एकमताने ऑफिसखालच्या सँडविचवाल्याला शिव्या दिल्या. मीपण दिल्या. डॉक्टरांनी रक्त तपासून हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ, असं सांगितलं आणि मग विचारलं की गेल्या दोन महिन्यांत बाहेरचं पाणी कुठे कुठे प्यायलास. दोन महिन्यांत! तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्या कुंडाच्या वर एक वाडी होती, गुरं होती, माणसं होती, हे मी चढताना डोळ्यांनी बघितलेलं. ते त्याच पाण्याने झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, सँडविचही असेल. पण तो महिनाभर अंथरुणाला होता, आणि डॉक्टरांनी विचारलं नसतं तर मी जन्मभर त्या ट्रेकला ‘काही झालं नाही’ याच खात्यात धरलं असतं.

कारण हे आजार ताबडतोब येतच नाहीत. हिपॅटायटिस ई दोन ते दहा आठवड्यांनी उगवतो, हिपॅटायटिस ए साधारण दोन ते सात, टायफॉइड एक ते तीन आठवडे, जिआर्डिया नावाच्या आतड्यातल्या परजीवीला पण एक-दोन आठवडे लागतात आणि तो तर नुसता गॅस, ढेकर, पातळ शौच असा रेंगाळत राहतो की माणूस ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसतो. तोपर्यंत आपण मुंबईत परत येऊन किती ठिकाणी वडापाव, पाणीपुरी, उसाचा रस घेतलेला असतो. मग नाव त्यांच्यावर जातं आणि टाकं सुटतं.

आणि दादा, तुम्हीच लिहिलंय की तुम्ही दर पावसाळ्यात चाळीस-चाळीसच्या बॅच नेता, त्यात कॉलेजची मुलं असतात. तुमचं स्वतःचं पोट पंचवीस वर्षांत सरावलं असेल, लहानपणीच काही काही होऊन गेलं असेल, ते मी मान्य करतो. पण त्या चाळीस जणांना कसारा स्टेशनवर टाटा केल्यानंतर महिन्याभराने त्यातल्या किती जणांशी आपलं बोलणं होतं? माझं तर होत नव्हतं. ग्रुपवर फोटो येतात चार दिवस, मग शांत. चाळिसातली एखादी मुलगी ऑगस्टमध्ये काविळीने पडली तर ती तुम्हाला का कळवेल, तिला स्वतःलाच ट्रेकशी संबंध लागणार नाही. आणि हिपॅटायटिस ई गरोदर बाईला झाला तर जिवावर बेततं, हे बॅचमध्ये नवरा-बायको येतात तेव्हा डोक्यात ठेवा प्लीज.

उकळण्याबद्दल. वर पाणी १०० ला उकळत नाही हे बरोबर, दर ३०० मीटरला साधारण एक डिग्री कमी होते. हरिश्चंद्रगड १४०० मीटरच्या आसपास, म्हणजे ९५ ला उकळेल, कळसूबाईच्या १६४६ मीटरवर त्याहून किंचित कमी. पण जंतू मरायला १०० लागतच नाहीत, ७० च्या वर गेलं की त्यांचं काही खरं नसतं. त्यामुळे रटरट उकळी फुटली की एक मिनिट पुरे, तीन मिनिटं ठेवायची ती २००० मीटरच्या वर, म्हणजे हिमालयात वगैरे, महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत तेवढी उंचीच नाही. इथे चूक माझीच आहे, मी ‘दहा मिनिटं उकळा’ लिहिलं होतं, त्याने फक्त गॅसची कॅन संपते आणि लोक चुलीसाठी जंगलातली लाकडं तोडायला लागतात. बदललंय.

फिल्टरचं सांगतो. मला कोणी पैसे दिलेले नाहीत, आणि खरं सांगायचं तर तुमच्या टीकेमुळे मी तो भाग पुन्हा वाचला आणि मलाच तो अपुरा वाटला. ट्रेकर वापरतात त्या फिल्टरची छिद्रं साधारण ०.१ मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बॅक्टेरिया अडकतात, जिआर्डिया तर ८ ते १२ मायक्रॉनचा म्हणजे त्याच्यापुढे हत्ती. पण हिपॅटायटिसचे व्हायरस ०.०३ मायक्रॉनचे, ते आरामात पार होतात. परदेशी व्हिडिओंमध्ये नुसता फिल्टर लावून ओढ्याचं पाणी पितात कारण तिथे बहुतेक वेळा वरच्या अंगाला माणसांची वस्ती नसते. आपल्याकडे जवळपास प्रत्येक ओढ्याच्या वर वाडी आहे नाहीतर कॅम्पिंग आहे. त्यामुळे आपल्याकडे फिल्टर असला तरी गोळी हवीच, आणि तीन-चार हजारांचा फिल्टर परवडत नसेल तर नुसती क्लोरिनची गोळी घेऊन जा, ती कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते. नुसत्या गोळीत एक उणीव राहते, क्रिप्टो नावाचा जंतू क्लोरिनला दाद देत नाही, तो फिल्टरने किंवा उकळूनच जातो. तरी काहीच न करण्यापेक्षा कितीतरी पटीने बरं.

पाणी शुद्ध करून पिण्याला तुम्ही शहरी नखरे म्हणालात. मुंबईत आपण नळाचं जे पाणी बिनधास्त पितो ते वैतरणा, तानसा, भातसाचंच आहे ना, ह्याच डोंगरांचं, वैतरणा तर त्र्यंबकजवळ उगम पावते. भांडुपच्या आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात गाळ बसवून, गाळून, क्लोरिन टाकून मग ते आपल्या घरी येतं. ट्रेकला मी तेवढंच करतो, फक्त लिटरभर पाण्याला.

गोळी वापरताना लोक कुठे चुकतात ते सांगतो, कारण हे मी बॅचमध्ये रोज बघतो. एक म्हणजे पाकिटावर वाचत नाहीत, काही गोळ्या एका लिटरच्या असतात काही वीस लिटरच्या. दुसरं, गढूळ पाण्यात टाकतात. पावसाळ्यात मातीच क्लोरिन खाऊन टाकते, जंतूंसाठी उरत नाही. आधी गाळा, आणि त्यासाठी आजीची जुनी सुती साडी चार घड्या करून घ्या, धुऊन धुऊन तिचा धागा फुगतो आणि वीण घट्ट होते, नवं कापड तेवढं गाळत नाही. अशा कापडाने गाळून गाळूनच आपल्या खेड्यांतला नारू, म्हणजे पाण्यातून होणारा जंताचा रोग, हटायला मोठी मदत झाली आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, तेव्हा फडक्याला कमी लेखायचं नाही. मात्र गाळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, ते फक्त गोळीसाठी तयार झालं. मग अर्धा तास थांबा, घड्याळ लावून, डिसेंबरच्या थंडीत पाणी बर्फासारखं असेल तर तासभर. बाटलीचं झाकण थोडं सैल करून उलटी करा म्हणजे आट्यांमध्ये अडकलेलं कच्चं पाणीही धुऊन निघेल, तोंड तर तिथेच लागतं. आणि संत्र्याची पावडर नाहीतर लिंबू त्या अर्ध्या तासानंतरच, कारण व्हिटॅमिन सी क्लोरिनला मारतं. वास जातो म्हणून मुलं लगेच टाकतात, पण वासाबरोबर औषधही गेलेलं असतं.

आता एक विनंती. तुमच्या मागच्या जुलैच्या बॅचचा ग्रुप अजून असेल. त्यावर एवढंच विचारा की ट्रेकनंतर दोन महिन्यांत कोणाला कावीळ, टायफॉइड, नाहीतर आठवडाभर रेंगाळलेले जुलाब झाले होते का. चाळीसपैकी शून्य आलं तर शून्य कळवा, मी ते पोस्टच्या वर ठळक अक्षरांत टाकतो, तुमची परवानगी असेल तर तुमच्या नावासकट. माझ्या दोन बॅचना मी आज सकाळीच मेसेज टाकलाय, उत्तरं आली की इथेच खाली लिहीन.