आदर्श शिक्षक व्हायचंय? आधी वर्गाबाहेर या

‘आदर्श शिक्षक पुरस्काराचे प्रस्ताव उद्या दुपारपर्यंत पंचायत समितीत जमा करावेत’ असा मेसेज शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर पडला की समजावं, आदर्श व्हायची वेळ आली. नवख्यांसाठी थोडं मार्गदर्शन.

फाइल जाड हवी. रंगीत झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग, तीन प्रती.

स्वतःचं कौतुक करायला लाजू नका. राष्ट्रीय पुरस्कारालाही २०१८पासून शिक्षकच ऑनलाइन अर्ज भरतो, म्हणजे ही सरकारमान्य कला आहे.

क्यूआर कोड चिकटवा. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणारे परितेवाडीचे (जि. सोलापूर) शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हापासून त्याशिवाय फाइल शोभत नाही. त्यांनी निम्मी रक्कम बाकीच्या अंतिम स्पर्धकांना वाटली, तो भाग बहुधा झेरॉक्समध्ये पुसट आलाय.

आता फोटो. अक्षांश-रेखांश उमटणारं कॅमेरा अ‍ॅप घ्या. वृक्षारोपणात रोप एक, हात अकरा. नंतर पाणी कुणी घातलं नाही तरी हरकत नाही, पुढच्या वर्षी खड्डा आयता मिळतो. हात धुवा दिनाचा साबण फोटोनंतर कपाटात. वाचनकट्ट्यावर पुस्तक सुलटं धरलंय ना, तेवढं बघा. मणी मोजताना पोरं हसली पाहिजेत, नाही हसली तर पुन्हा काढा. एका फोटोला वीस मिनिटं, महिन्याला पंधरा फोटो, म्हणजे पाच तास गेले. द्विशिक्षकी शाळेत दुसरे गुरुजी ऑनलाइन माहिती भरत असतात, म्हणजे वर्गात कोणीच नाही. तिथे तिसरीतली एक पोर ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिते. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच तिला कळलंय. दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुट्ट्या काड्या हातात द्याव्या लागतात, शेजारी बसून, चार-आठ दिवस. त्याचा कसला फोटो काढणार? फ्लेक्सही लावता येत नाही!

फाइल नापास झाली तर नोंदणी शुल्क भरून कुठल्याशा संस्थेचा ‘राज्यस्तरीय’ पुरस्कार घ्या. फेटा त्यातच येतो.

पुरस्कार मिळाला की सत्कार, मग तज्ज्ञ म्हणून प्रशिक्षणं. वर्ग शेजारच्या बाई सांभाळतील. त्यांनी प्रस्तावच दिला नव्हता, त्यामुळे त्या रिकाम्याच आहेत.

पुरे झालं. पंचायत समितीतले साहेब, शाळेत जाऊन काम पाहणं ही तुमची नोकरी आहे. ती शिक्षकाच्या गळ्यात मारून वर तीन प्रती मागता? मागच्या बाकावर पाऊण तास बसा. कुठल्याही पाच पोरांना एक परिच्छेद वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी घाला. सगळं कळेल, बाइंडिंग लागणार नाही. आणि गुरुजी, तुम्हीही साळसूद बनू नका. साहेबांनी फाइल मागितली, वर्ग सोडा असं नव्हतं सांगितलं. त्या पोरीची वही उघडा. ३५ अजून तसंच आहे, आणि खाली लाल शाईत ‘पाहिले’ लिहून तुमची सही आहे.