‘संरक्षणाची जबाबदारी’ म्हणजे बड्यांचा दंडुका? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नागरिकांना वाचवण्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी ही बड्या राष्ट्रांची भाषा आहे, लिबियाचं काय झालं ते पाहा, ज्याने त्याने आपल्या देशापुरतं निस्तरावं.

लिबियाबद्दल वाद नाही. मार्च 2011 मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव 1973 केला तो नागरिकांच्या संरक्षणासाठी. नाटोची विमानं थांबली ती लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी यांची राजवट कोसळल्यावर. परवानगी एका कामाची, उरकलं भलतंच. मतदानात तटस्थ राहिलेल्या भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया आणि चीनची शंका अनाठायी नव्हती. पुढे सीरियाच्या ठरावांवर रशिया-चीनने नकाराधिकार वापरला, तेव्हा लिबियाचा दाखला तयारच होता. (लिबिया घडलं नसतं तरी रशियाने सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष असद यांना वाऱ्यावर सोडलं असतं, असं मात्र मला वाटत नाही.)

पण ‘ज्याने त्याने निस्तरावं’ हे मला पटत नाही. रवांडात 1994 साली निस्तरणार कोण होतं? तिथलं सैन्य आणि सरकारच्या आश्रयाने वाढलेल्या टोळ्याच कत्तल करत होत्या. संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक आधीपासून तिथे होते. कत्तल सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेने काय केलं, तर सुमारे अडीच हजारांचं ते दल 270 वर आणायचं ठरवलं! शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली.

संयुक्त राष्ट्रांच्या 2005 च्या जागतिक शिखर परिषदेने ‘संरक्षणाची जबाबदारी’ मान्य केली, तिच्या जाहीरनाम्यातली 138 आणि 139 ही कलमं अशा अनुभवांतून आली. त्यांत जबाबदारी आधी त्या त्या राज्यसंस्थेचीच आहे. विषय चारच : वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक शुद्धीकरण, मानवतेविरुद्धचे गुन्हे. बळाचा वापर सुरक्षा परिषदेमार्फतच. परस्पर घुसायचा परवाना त्यात कुणालाच नाही.

शिवाय तुम्ही संरक्षण म्हणजे बॉम्बफेक असंच धरून चालला आहात. केनियात निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, हजारावर लोक गेले. फेब्रुवारी 2008 अखेर संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने समझोता झाला. एकही विमान उडालं नाही. दक्षिण सुदानमध्ये डिसेंबर 2013 मध्ये लढाई पेटली तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या तळांची फाटकं पळून आलेल्यांसाठी उघडली गेली. आसरा घेणाऱ्यांचा आकडा पुढे दोन लाखांवर गेला. त्या छावण्या सुखाच्या नव्हत्या : चिखल, रोगराई, आणि 2016 मध्ये मलाकालच्या छावणीवर हल्लाही झाला. त्याआधी, लढाईच्या सुरुवातीलाच, अकोबोच्या तळावर आसरा घेतलेल्यांवर चालून आलेल्या जमावाने दोन भारतीय शांतिसैनिकांना मारलं. असा आसरा देणं हेही याच जबाबदारीचं काम आहे, आणि यात बड्यांचा दंडुका कुठे दिसतो?

तुमचा राग बेहिशेबी अधिकारावर असेल तर मी तुमच्याच बाजूचा. नोव्हेंबर 2011 मध्ये ब्राझीलने सुचवलं होतं की बळ वापरणाऱ्यांवर सुरक्षा परिषदेची देखरेख असावी, त्यांनी तिला हिशेब द्यावा. पाश्चात्त्य देशांनी त्याचं थंड स्वागत केलं आणि प्रस्ताव मागे पडला. त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. जरूर लिहा.