एदेरच्या गोलाआधीची १०८ मिनिटं

पोर्तुगालने २०१६चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, कुणामुळे जिंकला, असं कुणालाही विचारा. निम्मे लोक रोनाल्डो म्हणतील, उरलेले एदेर. पण फायनलमध्ये रोनाल्डो पंचविसाव्या मिनिटालाच स्ट्रेचरवरून बाहेर गेला होता आणि एदेरचा गोल झाला १०९व्या मिनिटाला. तोपर्यंत यजमान फ्रान्सला त्यांच्याच घरच्या मैदानावर शून्यावर कुणी ठेवलं? पोर्तुगालचा गोलकीपर रुई पात्रिसिओ याने. आपल्याकडच्या पोर्तुगालप्रेमींच्या तोंडी हे नाव इतकं कमी येतं याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

त्या फायनलचं दहावं मिनिट पुन्हा एकदा बघा. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, अनेकांनी झोपेत पाहिलं असेल. फ्रान्सच्या पायेने चेंडू उचलून आत टाकला आणि ग्रीझमनने मागे झुकत हेडर मारला. चेंडू जोरात नव्हता, उंच कमान घेऊन बारच्या खाली उतरत होता. गोलकीपरच्या दृष्टीने असा चेंडू भयंकर असतो, कारण त्याला पळत पळत मागे जायचं असतं, नजर चेंडूवर ठेवायची असते आणि आपल्या पाठीमागे बार नेमका कुठे आहे हे न बघता ओळखायचं असतं. पात्रिसिओ मागे सरकला, उडाला आणि बोटांच्या टोकांनी चेंडू बारवरून काढला. त्यानंतर सिसोकोचा फटका अडवला, दुसऱ्या हाफमध्ये जिरूचा, मग पुन्हा सिसोकोचा लांबून आलेला. ९२व्या मिनिटाला जिन्याकने पेपेला चकवून मारलेला चेंडू पोस्टला लागला. तिथे नशिबाने साथ दिली, ते मान्य. पण आधीच्या चार वेळा नशिबाचा काही संबंध नव्हता.

आणि फक्त फायनलच कशाला? बाद फेरीत क्रोएशियाविरुद्ध १२० मिनिटं, पोलंडविरुद्ध १२०, वेल्सविरुद्ध ९०, फ्रान्सविरुद्ध १२०. एकूण साडेचारशे मिनिटांत त्याने एकच गोल खाल्ला, लेवांडोव्स्कीचा, तोही पोलंडच्या सामन्याच्या दुसऱ्याच मिनिटाला. त्याच सामन्याच्या शूटआउटमध्ये ब्वाश्चिकोव्स्कीची पेनल्टी त्याने अडवली. पाचही पोर्तुगीज खेळाडूंनी आपापल्या पेनल्टी मारल्या हे खरं, पण फरक पडला तो या एका हातामुळे. गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवून रडतखडत पुढे आलेला हा संघ. त्याला स्पर्धेत कुणी टिकवून धरलं, हे या आकड्यांतून स्वच्छ दिसतं.

पोर्तुगीज गोलकीपर म्हटलं की लोकांना आधी रिकार्डो आठवतो. आठवणारच. २००४च्या क्वार्टर फायनलमध्ये इंग्लंडविरुद्ध त्याने ग्लोव्हज काढून फेकले, उघड्या हातांनी व्हॅसेलची पेनल्टी अडवली आणि लगेच स्वतः जाऊन विजयी पेनल्टी मारली. दोन वर्षांनी वर्ल्ड कपमध्ये त्याच इंग्लंडच्या तीन पेनल्टी अडवल्या. अंगावर काटा आणणाऱ्या रात्री होत्या त्या, आणि रिकार्डोबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. पण २००४ची फायनल? कॉर्नर आला, तो पुढे धावला, चेंडू हाती लागला नाही आणि खारिस्तेआसने हेडरने ग्रीसला युरो जिंकून दिला. पात्रिसिओने ग्लोव्हज कधी फेकले नाहीत. त्याच्या नावावर असा एकही प्रसंग नाही जो पोस्टर करून भिंतीवर लावावा. त्याचा चेहराही बहुतेक वेळा शांत. आपण मात्र गोलकीपरला तमाशा केला तरच लक्षात ठेवतो.

त्याची कारकीर्द सुरुवातीपासून बघा. लेइरियाजवळच्या माराझेशचा मुलगा. नोव्हेंबर २००६ मध्ये, अठराव्या वर्षी, लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबसाठी पहिला लीग सामना मारितिमोविरुद्ध खेळला आणि त्यातच पेनल्टी अडवली. स्पोर्टिंग १-० ने जिंकलं. पुढच्या मोसमात जागा पक्की झाली. इतक्या लहान गोलकीपरकडून होतात तशा चुकाही झाल्या, पण प्रशिक्षक पाउलो बेन्तोने त्याला हलवलं नाही. त्यानंतर तो स्पोर्टिंगसाठी साडेचारशेहून जास्त सामने खेळला. पोर्तुगीज कप मिळाले, लीग मात्र एकदाही नाही. स्पोर्टिंगने लीग जिंकली २०२१ मध्ये, तब्बल एकोणीस वर्षांनी, आणि तेव्हा तो तिथे नव्हता.

का नव्हता, हे सांगायलाच हवं. १५ मे २०१८. आदल्याच आठवड्याच्या शेवटी मारितिमोकडून हरल्यामुळे चॅम्पियन्स लीगची संधी गेली होती. आल्कोशेतच्या स्पोर्टिंग अकादमीत तोंडं झाकलेले सुमारे पन्नास लोक घुसले आणि त्यांनी ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंना, प्रशिक्षकांना मारहाण केली. बास दोस्तचं डोकं फुटलं. पाच दिवसांनी हीच हादरलेली पोरं कपची फायनल खेळायला उतरली आणि आवेशसारख्या छोट्या संघाकडून हरली. १ जूनला पात्रिसिओने करार मोडला. तेव्हा अनेकांनी त्याला गद्दार ठरवलं. लहानपणापासून ज्या क्लबमध्ये वाढला तिथल्याच समर्थकांनी अंगावर यावं, आणि तरी त्याने निष्ठा दाखवत तिथेच राहावं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. निष्ठा एकाच बाजूने किती दिवस निभवायची? काही दिवसांनी वर्ल्ड कपमध्ये सोचीत स्पेनविरुद्धचा तो ३-३चा सामना झाला, तेव्हा पोर्तुगालच्या गोलमध्ये उभा असलेला माणूस कोणत्याही क्लबचा नव्हता. इंग्लंडच्या वुल्व्ह्ज क्लबने त्याला घेतल्याचं जाहीर झालं ते त्यानंतर तीन दिवसांनी.

वुल्व्ह्जमधली एक गोष्ट मला त्याच्या सगळ्या सेव्हजइतकीच मोठी वाटते. तिथला आधीचा गोलकीपर कार्ल इकेमे. २०१७ मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचं निदान झालं होतं. १ नंबर त्याचा. पात्रिसिओने तो घेतला नाही, ११ नंबर घातला. गोलकीपरच्या पाठीवर विंगरचा नंबर बघून लोक चक्रावले, पण त्याने त्याचा गाजावाजा केला नाही. वुल्व्ह्ज नुकतेच खालच्या लीगमधून वर आले होते. पहिल्याच मोसमात ते प्रीमियर लीगमध्ये सातवे आले. पुढे इटलीच्या रोमा क्लबमध्ये प्रशिक्षक मोरिन्योच्या हाताखाली त्याने २०२२ची कॉन्फरन्स लीग जिंकली. तिराना इथे फायनूर्डविरुद्ध १-० आणि फायनलमध्ये पुन्हा क्लीन शीट, म्हणजे एकही गोल खाल्ला नाही.

तो निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. २०१४च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध त्याने चेंडू थेट खेदिराच्या पायात दिला होता. गोल झाला नाही, पण सामना ०-४ गेला. पायाने खेळण्यात त्याच्यानंतर आलेला गोलकीपर दिओगो कोश्ता त्याच्यापेक्षा सरस आहे, वादच नाही. २०२२च्या मार्चमध्ये तुर्कीविरुद्धच्या वर्ल्ड कप प्लेऑफला कोश्ताला उभं केलं तो निर्णय योग्यच होता. २०२४च्या युरोत कोश्ताने स्लोव्हेनियाच्या ओळीने तीन पेनल्टी अडवल्या तेव्हा पात्रिसिओ त्याच संघात होता, राखीव म्हणून. १०८ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला माणूस, पोर्तुगालच्या कुठल्याही गोलकीपरपेक्षा जास्त, आणि नवख्या पोराच्या मागे बसायला तयार. किती मोठे खेळाडू हे करतात?

गोव्यात कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा आहे, लोक तिथे फोटो काढतात. लेइरियातही एक पुतळा आहे, पात्रिसिओचा, ग्रीझमनचा तो चेंडू काढतानाचा. गावाला आपल्या माणसाचं मोल कळलं.

आता कमेंटमध्ये बायाचं नाव येणार हे मला माहीत आहे. पोर्तुगालचा जुना गोलकीपर व्हितोर बाया याने पोर्तो क्लबबरोबर युएफा कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकली, क्लबच्या कारकिर्दीत तो वरच आहे. पण पोर्तुगालच्या जर्सीत त्याचे ८० सामने आणि मोठा करंडक एकही नाही. पात्रिसिओकडे २०१६चा युरो आणि २०१९ची नेशन्स लीग. देशासाठी खेळलेला सर्वोत्तम गोलकीपर निवडायचा असेल तर माझं मत त्यालाच, आणि ज्यांना पटत नाही त्यांनी फ्रान्सविरुद्धची ती फायनल आधी पूर्ण बघावी, मग बोलू.