मिनिमम १०० केलं म्हणून लॅपटॉप दुप्पट पळत नाही

लिनक्स वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर, कोल्हापुरातल्या कॉलेजांपासून उद्यमनगरातल्या वर्कशॉपपर्यंत, एक सल्ला जोरात फिरतोय. थोडक्यात असा: "केडीई डेस्कटॉपवर पी-स्टेटचं विजेट टाका. मिनिमम-मॅक्सिमम दोन्ही १००, टर्बो चालू, लॅपटॉप दुप्पट पळतो. बॅटरीवर मॅक्सिमम ५०, म्हणजे बॅटरी दुप्पट. पॉवरसेव्ह कधीच नको. सोबत टीएलपी टाका. कुठल्याही लॅपटॉपवर चालतं." हे विजेट म्हणजे केडीई या लिनक्स डेस्कटॉपवरचं स्लायडर-बटणांचं छोटं पॅनल. प्रोसेसरच्या वेगाची किमान-कमाल टक्केवारी आणि टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर चढायची सोय, त्यातून बदलता येते. टीएलपी हा वीज वाचवणारा वेगळा प्रोग्राम. विजेट चांगलं आहे. सल्ला मात्र बराचसा चुकीचा.

"दुप्पट पळतो." आय५-८२५०यू घ्या. मूळ वेग १.६ गिगाहर्ट्‌झ, टर्बो ३.४, ठरलेली वीज १५ वॅट. काम आलं की हा प्रोसेसर काही मिलिसेकंदांत स्वतःच वर चढतो, मिनिमम कितीही असो. चारही कोअर भरले, उदाहरणार्थ फ्रीकॅडमध्ये जड ड्रॉइंग किंवा व्हिडिओ रेंडर, की थोड्या वेळात विजेची मर्यादा त्याला खाली ओढते. त्यात एप्रिलची दुपार आणि जाळीत धूळ साचलेला फॅन असेल तर तापमान १०० अंशांपाशी जाऊन वेग आणखी पडतो. मिनिमम १०० नं यातली एकही मर्यादा हलत नाही. उलट साधं टायपिंग करतानाही प्रत्येक बारीक कामाला चढा व्होल्टेज लागतो आणि फॅन उगाच घोंगावतो. वेग खरंच कमी वाटत असेल तर आधी फॅन साफ करा आणि थर्मल पेस्ट बदला.

"मॅक्सिमम ५० म्हणजे बॅटरी दुप्पट." ही टक्केवारी टर्बोच्या कमाल वेगाची असते. म्हणजे वरच्या प्रोसेसरवर ५० टक्के म्हणजे १.७ गिगाहर्ट्‌झ, आणि नुसता टर्बो बंद केला तर १.६. जवळपास तेच! आता हिशोब मांडू. बॅटरी ४५ वॅट-तास, ब्राउझर उघडा असताना खर्च ९ वॅट, म्हणजे ५ तास. त्यातले प्रोसेसरचे २ वॅट धरले आणि ते निम्मे झाले, तरी खर्च ८ वॅटवर येतो. साधारण ५ तास ३५ मिनिटं. बाकीचं स्क्रीन, वायफाय आणि एसएसडी खातात. पावसाळ्यात लाइट गेल्यावर स्लायडरआधी स्क्रीनचा उजेड कमी करा. खर्च किती होतोय ते पॉवरटॉप या प्रोग्राममध्ये वॅटमध्ये दिसतं. चार्जर काढून, एकच काम चालू ठेवून आधीचा आणि नंतरचा आकडा बघा.

"पॉवरसेव्ह कधीच नको." मेसेजमधला सगळ्यात घोटाळ्याचा भाग हाच. पॉवरसेव्ह हा एक 'गव्हर्नर', म्हणजे प्रोसेसरचा वेग कसा ठरवायचा याचा नियम. जुन्या ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे सर्वात कमी वेगाला खिळवून ठेवणं, हे खरं. इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरच्या ॲक्टिव्ह मोडमध्ये तसं नाही. तिथे पॉवरसेव्ह गव्हर्नर असूनही प्रोसेसर टर्बोपर्यंत जातो. किती उत्साहानं जायचं ते 'एनर्जी परफॉर्मन्स प्रेफरन्स' ठरवतं: परफॉर्मन्स, बॅलन्स परफॉर्मन्स, बॅलन्स पॉवर, पॉवर. आणि गंमत अशी की गव्हर्नर परफॉर्मन्सवर टाकलात तर हे प्रेफरन्स बदलताच येत नाही. बटण दाबलं तरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 'बिझी' म्हणून परत पाठवतो आणि लोक विजेटलाच नावं ठेवतात. गव्हर्नर पॉवरसेव्हवर आणा, बटणं चालू लागतील. ड्रायव्हर पॅसिव्ह मोडमध्ये असेल तर मात्र पॉवरसेव्हचा जुनाच अर्थ लागू होतो, म्हणून आधी मोड तपासा.

"सोबत टीएलपी टाका." टाकू नका, दोघांची मारामारी होते. चार्जर लावला-काढला की टीएलपी स्वतःच्या फाइलमधले आकडे पुन्हा बसवतं आणि विजेटमधले पुसले जातात. पॉवर-प्रोफाइल्स-डेमन हा वीज सांभाळणारा आणखी एक प्रोग्रामही तीच नस दाबतो. तिघांपैकी एकच ठेवा. विजेटनं केलेले बदल रीस्टार्टनंतर जातात हेही लक्षात असू द्या. कायम हवे असतील तर टीएलपीच बरं.

"कुठल्याही लॅपटॉपवर." नाही. प्रेफरन्सची बटणं इंटेलच्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासूनच्या प्रोसेसरांवर, मिळतात. एएमडीवर इंटेलचे स्लायडर दिसणारच नाहीत. त्याचा पी-स्टेट ड्रायव्हर वेगळा, कर्नल ५.१७ मध्ये आलेला, आणि त्यात प्रेफरन्सची सोय ६.३ पासून.

मग ठेवायचं काय? चार्जरवर मिनिमम आहे तसं, मॅक्सिमम १००, टर्बो चालू, बॅलन्स परफॉर्मन्स. बॅटरीवर बॅलन्स पॉवर. लॅपटॉप मांडीवर तापायला लागला तरच टर्बो बंद.